रद्द केलेला स्वेटर

हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी तेहतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची एकोणीस वर्षं निवडीच्या टेबलावर मुकादम होतो. लोकांना वाटतं लाँड्री म्हणजे धुणं. धुणं मशीन करतं. खरं काम निवडीचं. रोज दोन हजारांवर कपडे यायचे. चादरी, अभ्रे, झगे, टॉवेल. आणि प्रत्येकाला जिथून आला तिथेच परत पाठवायचं असायचं. म्हणून प्रत्येक कपड्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, बोटभर लांबीची रंगीत पट्टी शिवलेली असायची. मुलांच्या वॉर्डाची पिवळी, ऑपरेशनची हिरवी, बायकांच्या वॉर्डाची निळी. कपडा हातात आला की अंगठ्याने कोपरा उलटायचा, रंग बघायचा आणि त्या रंगाच्या पिशवीत टाकायचा. हे हाताला इतकं बसलं होतं की कुणाकडे जेवायला गेलो तरी माझा हात आपोआप टेबलावरच्या कापडाचा कोपरा उलटायचा. मग ही टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायची.

ही म्हणजे माझी बायको. ती त्याच लाँड्रीत शिवणखोलीत होती, सगळ्या पट्ट्या तिच्या हातच्या. रंगीत पट्ट्यांखेरीज एक काळी पट्टी असायची. कपडा फारच विरला की ही त्याला काळी पट्टी लावायची. काळी म्हणजे रद्द. तो कपडा चिंधीखोलीत जायचा. बरे तुकडे निघाले तर त्यांचे अभ्रे शिवायचे, बाकीची पुसणी. पण फाडायच्या आधी ही ती काळी पट्टी उसवून काढून घ्यायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची.

मी हसायचो. "सबंध चादर फाडायला निघालीस आणि बोटभर पट्टी जपतेस?"

"चादर संपली," ती म्हणायची. "पट्टी कुठे संपली? उद्या दुसरी चादर येईलच."

ही जाऊन चौदा महिने झाले. डबा अजून घरातल्या शिवणाच्या मशीनवर तिथेच आहे.

आमची मुलगी पेशींवर काम करते. म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसतात त्या पेशी. तिचं प्रयोगशाळेतलं काम या महिन्यात संपत होतं. पुढे दोन वाटा होत्या. एक नोकरी लांबच्या शहरात, दीड दिवसाच्या गाडीच्या प्रवासावर. ती पक्की होती, महिनाअखेरीपर्यंत नुसतं हो कळवायचं होतं. दुसरी इथल्या कॉलेजात, घरापासून पायी दहा मिनिटं. त्यासाठी शुक्रवारी अकरा वाजता तीन परीक्षकांपुढे खऱ्या विद्यार्थ्यांना वीस मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. दोन वर्षांपूर्वी तिने याच कॉलेजात असा धडा घेतला होता. तेव्हा त्यांनी कळवलं की उमेदवाराचं ज्ञान उत्तम आहे, पण कळत काही नाही.

मला ती इथे हवी होती. तसं मी तिला बोललो नाही. बोललो असतो तर ती राहिली असती, आणि मग रोज सकाळी चहा पिताना मला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

गुरुवारी दुपारी तिने स्वयंपाकघरात रंगीत तालीम ठेवली. श्रोते दोन, मी आणि खालच्या मजल्यावरचा गाडीवाला. हा गाडीवाला माझ्याच वेळचा. लाँड्री आणि वॉर्ड यांच्यामध्ये पिशव्यांच्या गाड्या ओढण्यात त्याचं आयुष्य गेलं. मुलगी त्याला गाडीकाका म्हणते. आता दोघंही रिटायर, आणि दुपारी तीनला तो आमच्याकडे चहाला नाही असा दिवस नाही.

मुलगी फ्रिजला टेकून उभी राहिली, घसा साफ केला आणि सुरू झाली. "पेशीत तयार झालेली प्रथिने पुटिकांमार्फत आंतर्द्रव्यजालिकेकडून गॉल्गी संकुलाकडे वाहून नेली जातात. तेथे त्यांचे परिष्करण व वर्गीकरण होऊन..."

गाडीवाला माझ्या कानाशी आला. "मुकादम, ही आपल्याला शिव्या देतेय का?"

मी डोळे मिटून घेतले.

"बाबा, झोपलात?"

"नाही गं. डोळे मिटून ऐकतोय."

"काय ऐकलंत, सांगा बरं."

"जालिका."

"कसली जालिका?"

"ते तू सांग ना, मास्तरीण तू आहेस की मी?"

तिने हातातले कागद टेबलावर आपटले. "झालं! उद्याही असंच होणार. अर्धं मिनिट झालं की सगळा वर्ग तुमच्यासारखा डोळे मिटून ऐकायला लागणार."

मला वाईट वाटलं. खरं तर अशा वेळी ही पुढे व्हायची. मुलगी लहान असताना पाढे म्हणायची तेव्हा ही शिवता शिवता मध्येच विचारायची, "असं का गं?" आणि त्या 'का'चं उत्तर देता देता पोरीला पाढा समजायचा. मला काही तसं जमत नाही. तरी विचारलं.

"बरं, एवढं सांग. आपल्याला कुठे जायचंय हे त्या मालाला कळतं कसं?"

"प्रत्येक प्रथिनावर खूण असते, बाबा. त्या खुणेप्रमाणे त्याला वेगवेगळ्या पुटिकेत भरतात."

"पुटिका म्हणजे?"

"इवलीशी पिशवी."

"मग पट्टी आणि पिशवी म्हण की. उगाच कशाला पोरांना छळतेस?"

तिने कागद उलटून कोरी बाजू वर केली. खुर्ची ओढून आमच्यासमोर बसली आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांगा. कपडा आला की तुम्ही काय करायचात?"

आयुष्यभर ही पोरगी लाँड्रीच्या गप्पा ऐकत जेवली, पण असं विचारलं नव्हतं कधी. मी सांगत गेलो आणि ती मध्येमध्ये "हे आहे", "हेही आहे", "हे नाही" म्हणत लिहीत गेली.

"आणि गाडी कोण ओढतं?" गाडीवाल्याने विचारलं. त्याला तेवढीच काळजी.

"तीही प्रथिनंच, काका. पेशीत दोऱ्यांसारखे रस्ते असतात. त्यांवरून दोन पायांची प्रथिनं पिशवी ओढत चालतात."

"चालतात?"

"खरोखर चालतात. एक पाय पुढे, मग दुसरा."

गाडीवाला खुर्चीत ताठ बसला. "ऐकलंत मुकादम? तुमच्या-माझ्या अंगात मीच आहे. आणि तुम्ही मला जन्मभर ओढ्या म्हणालात."

"ओढ्याच आहेस. चहा ओढतोयस तीनपासून."

एका ठिकाणी मात्र आमचं अडलं. मुलगी म्हणाली की पेशीतली पिशवी वेगळी शिवलेली नसते. ती भिंतीचाच तुकडा असते. भिंतीला फुगवटा येतो, तो माल पोटात घेऊन सुटतो, आणि जिथे पोचतो तिथल्या भिंतीत मिसळून जातो.

"थांब, थांब," गाडीवाला म्हणाला. "म्हणजे नुसत्या एकाच बाजूने पिशव्या गेल्या तर इकडची भिंत संपेल आणि तिकडची वाढत बसेल."

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. "काका, मी शिकत होते तेव्हा हे समजायला माझ्या वर्गातल्या मुलांना अख्खं वर्ष लागलं होतं."

"त्यांनी रिकाम्या पिशव्या कधी ओढल्या नसतील."

मग लिफ्ट बंद पडल्याची गोष्ट निघणारच होती. दोन दिवस लिफ्ट बंद होती तेव्हा धुतलेला माल आम्ही डोक्यावरून जिन्याने वर चढवला, पण रिकाम्या पिशव्या खाली आणायचं कुणालाच सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी निवडीच्या टेबलावर कपड्यांचा डोंगर आणि भरायला पिशवी एकही नाही. मग जे हाताला लागलं त्यात जे हाताला लागलं ते भरलं. ऑपरेशनचे हिरवे झगे मुलांच्या वॉर्डात गेले. सहा-सहा वर्षांची पोरं सर्जन होऊन पलंगापलंगावर तपासणी करत फिरत होती. मोठ्या नर्सबाई लाँड्रीत येऊन मला जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही.

मुलगी हसता हसता लिहीत होती. "परत येणं," ती म्हणाली. "तेच महत्त्वाचं आहे. पेशीच्या बाहेरच्या अंगाला काही प्रथिनं हात पसरून बसलेली असतात. ती बाहेरचा माल पकडतात आणि पिशवीत बसून मालासकट आत जातात. आत निवडीची खोली. तिथे थोडं आंबट असतं, म्हणून त्यांची पकड सुटते. माल मोडायला जातो आणि पकडणारं परत वर, कामावर. एकेक जण शंभर शंभर फेऱ्या मारतं."

"आणि म्हातारं झालं की?"

"मग त्याला खूण लागते. रद्दची. ते मोडतं, आणि त्याच्या तुकड्यांतून नवीन काहीतरी बनतं. आणि बाबा, मोडायच्या आधी ती खूण काढून घेतात. पुढच्यासाठी."

आम्ही तिघांनीही मशीनवरच्या डब्याकडे बघितलं.

"वर्गात दाखवायला मला एक काळी पट्टी द्याल?" मुलीने विचारलं.

"पट्टी नुसती दाखवून काय कळणार? कपड्यावर दाखव. आणि कपडा कसा बघायचा तेही नीट शिकून घे. हे बघ." मी अंगातला तपकिरी स्वेटर काढला. बावीस वर्षांचा आहे, पण अंगाला इतका बसलेला दुसरा कपडा माझ्याकडे नाही. "समजा हा माझ्या टेबलावर आला. आधी उलटा करायचा. विणलेल्या कपड्याला कोपरा नसतो, म्हणून त्याची पट्टी बगलेखालच्या शिवणीत. अशी बाही वर धरायची आणि..."

बगलेखालच्या शिवणीत काळी पट्टी होती.

तेहतीस वर्षं जगाचे कपडे उलटून पाहिले, पण स्वतःचा स्वेटर उलटून पाहिला नव्हता. टाका हिचाच. दोन्ही टोकांना तीन-तीन, बारीक, एकसारखे.

"हिने माझा स्वेटर रद्द केला होता?"

गाडीवाला वर छताकडे बघत होता. छतावर काहीही नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक असणार?"

"काका," मुलगी म्हणाली, "कप खाली ठेवा आणि सांगा."

त्याने कप खाली ठेवला. "वहिनी घरातल्या चिंध्या माझ्याजवळ द्यायच्या, हॉस्पिटलच्या चिंधीखोलीत टाकायला. त्यात एकदा हा स्वेटर आला. कोपराला भोक पडलं होतं. मी गाडीपर्यंत पोचलो नाही तोच वहिनी जिन्यावरून हाका मारताहेत. म्हणाल्या, 'परत द्या तो, हे घरभर शोधताहेत, कपाट उपसलंय सगळं.' पट्टी उसवली आणि दोरीवर टाकला वाळत. तुम्ही म्हणालात, 'हा काय, इथे होता होय?'"

"एकदाच?"

"तीनदा," गाडीवाला म्हणाला. "दर दोन-चार वर्षांनी एकदा त्यांना राग यायचा या स्वेटरचा."

मुलीने स्वेटर खिडकीपाशी नेला. पट्टीच्या खाली शिवणीत सुईच्या भोकांच्या जुन्या खुणा होत्या, एकीखाली एक. तिने बोटाने मोजल्या. तीन ओळी.

"मग ही चौथी आहे," ती म्हणाली. "ही का राहिली?"

गाडीवाल्याने रिकामा कप जवळ ओढला. "आजारपणात लावली होती. त्या वेळी मी स्वेटर चिंधीखोलीत नेलाच नाही, माझ्याच घरी ठेवून दिला. ठाऊक होतं, परत बोलावणार. दोन दिवसांनी बोलावलंच. पण तेव्हा त्यांना बसून सुई-कात्री धरवत नव्हती. म्हणाल्या, 'असाच टाका दोरीवर. पट्टी नंतर काढते.'"

मी उठून कप विसळले. तीनच होते, पण बराच वेळ लागला.

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, हा स्वेटर उद्या मला लागेल. पट्टी काढू नका."

शुक्रवारी मी तिने घेऊन दिलेला राखाडी स्वेटर घातला. तो टोचतो. तसं मी कधी म्हणालो नाही, पण मानेभोवती सारखा हात जातो म्हणून तिला कळलं असणारच. बाहेरच्या माणसांना वर्गात मनाई होती. पण कॉलेजचा शिपाई गाडीवाल्याच्या ओळखीचा निघाला. त्याच्या ओळखीचा नाही असा शिपाई मला अजून भेटायचाय. त्याने आम्हाला वर्गाच्या मागच्या बाजूला व्हरांड्यात, उघड्या खिडकीशी उभं केलं आणि खोकायचं नाही अशी ताकीद दिली.

आत चाळीसेक पोरं-पोरी, पहिल्या बाकावर तीन परीक्षक. मधल्या बाई मुख्य, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. आमची मुलगी फळ्यापाशी उभी. स्वेटर टेबलावर घडी करून ठेवलेला.

तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "पेशीत तयार झालेली प्रथिने पुटिकांमार्फत आंतर्द्रव्यजालिकेकडून..."

"मेलो," गाडीवाला पुटपुटला.

ती घाबरली होती. घाबरलं की माणूस पाठ केलेलं बोलतो. मागच्या बाकावरची एक मुलगी वहीवर मांजर काढायला लागली. साखळीवाल्या बाईंनी घड्याळात बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे दीड दिवसाची गाडी आली, तिची बॅग आली, तीनऐवजी दोन कप आले. मला काय करावं ते सुचेना. काही सुचलं नाही की माझा हात आपलं आपण काम शोधतो. खिडकीला पडदा होता. माझ्या अंगठ्याने त्याचा कोपरा धरला आणि उलटला.

नेमकं तेव्हाच तिने खिडकीकडे बघितलं.

ती थांबली. मग हसली. आधी नुसतं तोंडातल्या तोंडात, मग खरंच. वर्ग जागा झाला.

"मागे खिडकीत," ती म्हणाली, "जे गृहस्थ कॉलेजच्या पडद्याचा कोपरा उलटून बघताहेत ते माझे वडील. घाबरू नका, पडदा चोरणार नाहीत. ते पट्टी शोधताहेत."

चाळीस डोकी वळली. मी पडदा सोडला. गाडीवाला चक्क खाली बसला आणि मला एकट्याला उभं ठेवलं.

त्यानंतर तिने हातातले कागद बघितलेच नाहीत. पट्टी, पिशवी, दोन पायांचे गाडीवाले, रिकाम्या पिशव्या, लिफ्ट, सहा वर्षांचे सर्जन, सगळं आलं. प्रत्येक गोष्टीमागे तिचं पेशीतलं खरं नाव आणि खरं काम तिने फळ्यावर लिहिलं, आणि जिथे लाँड्री आणि पेशी जुळत नाहीत तेही सांगितलं. मांजर काढणारी मुलगी आता नीट लिहून घेत होती. मांजराला मिशा यायच्या राहिल्या.

शेवटी साखळीवाल्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "एक प्रश्न. रद्दची खूण एकदा लागली की त्या प्रथिनाचं भविष्य ठरलं, असंच ना?"

हा प्रश्न अवघड आहे हे मला त्यांच्या सुरावरून कळलं.

मुलीने टेबलावरचा स्वेटर उचलला, उलटा केला आणि बाही वर धरली. "हा माझ्या वडिलांचा स्वेटर. ही काळी पट्टी माझ्या आईने लावलेली. तिच्याखाली भोकांच्या तीन ओळी आहेत. म्हणजे हा याआधी तीनदा रद्द झालाय आणि तीनदा वाटेवरून परत आलाय. पेशीतही असं होतं. निवडीच्या खोलीत खूण लावणारे असतात तसे खूण काढणारेही असतात. मोडायला निघालेल्या प्रथिनाची खूण त्यांनी वेळेत काढली, तर ते परत पृष्ठभागावर जातं आणि कामाला लागतं. म्हणून खूण म्हणजे शेवट नाही. ती कुणी काढतंय का, त्यावर आहे."

"आणि तुमच्याकडे ती कोण काढायचं?" बाईंनी विचारलं.

"आईच. जी लावायची तीच. पेशीत मात्र ही दोन वेगळी खाती आहेत."

वर्ग हसला. बाईही हसल्या. मी हसलो नाही, कारण गाडीवाला खाली बसल्या बसल्या माझ्याच रुमालाने डोळे पुसत होता आणि मला रुमाल हवा होता.

निकाल संध्याकाळपर्यंत फोनवर कळवणार होते. घरी आल्यावर मुलगी फोन समोर ठेवून बसली आणि आमच्याशी बोलेना. मी तपकिरी स्वेटर घेतला, हिची छोटी टोकदार कात्री घेतली आणि खिडकीपाशी बसलो.

"काय करताय मुकादम?" गाडीवाल्याने विचारलं.

"नंतर काढते म्हणाली होती ना. नंतर झालं."

सहाच टाके, पण हिची शिवण म्हणजे काय विचारू नका. दोन टाके निघाले आणि बोटाला कात्री लागली. गाडीवाला सल्ले द्यायला लागला, त्याला चहा करायला पाठवलं. पाचवा टाका निघाला तेव्हा फोन वाजला. मुलगी तो घेऊन आतल्या खोलीत गेली. "हो," ती म्हणाली. मग "हो मॅडम." मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा "हो."

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "सोमवारी," ती म्हणाली.

"सोमवारी गाडीत बसायचंय की वर्गात उभं राहायचंय?" गाडीवाला स्वयंपाकघरातून ओरडला. "नीट सांग पोरी, दूध उतू चाललंय!"

"वर्गात, काका. वर्गात!"

दूध उतू गेलंच. त्याचं पुसणं, हसणं, पुन्हा चहा टाकणं यात अर्धा तास गेला. मुलीने तीन कप मांडले आणि मला विचारलं, "तुम्हाला मी इथेच हवी होते ना? तोंडाने सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"तू राहिली असतीस."

"मग?"

"मग काही नाही. आता तुला त्यांनी निवडलंय."

तिने माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. तो थेट हिचा होता.

शेवटचा टाका मी चहानंतर काढला. पट्टी सरळ केली, डबा उघडला आणि बाकीच्या पट्ट्यांवर ठेवली. राखाडी स्वेटर खुर्चीवर टाकला आणि तपकिरी अंगात घातला. कोपर भोकातून बाहेर आलं. तसं हिचं बरोबरच होतं.